गाण्यांसाठी वेगळा प्लेअर घ्यायचा आहे : आवाजाचा दर्जा आणि जोडणी यांबाबत सल्ला हवा

चाळीसगावकर :
नमस्कार मंडळी. श्रावणात कानबाईच्या रात्री घरातल्या बायकांनी म्हटलेली अहिराणी गाणी जुन्या कॅसेटींवर होती. ती मी संगणकावर उतरवून फ्लॅक स्वरूपात (दर्जा न घटवता फाइल लहान करणारे स्वरूप) जपून ठेवली आहेत. नोकरीनिमित्त चोपडा, शिरपूर आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत सतत फिरणे असते आणि तिकडे मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसल्यामुळे ऑनलाइन ॲपच्या भरवशावर राहता येत नाही. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ घ्यावा की ४.४ मिमी बॅलन्स्ड जॅक (दोन्ही कानांसाठी स्वतंत्र तारजोड्यांची जोडणी) असलेला फियोचा एखादा प्लेअर, हे ठरत नाही. माझ्याकडे एलडॅक (ब्लूटूथवरून चांगल्या दर्जाचा आवाज पाठवण्याची पद्धत) चालणारा ब्लूटूथ हेडफोन आहे आणि वायरचे १६ ओहमचे इअरफोनही आहेत.

भुसावळकर :
आपण बहुतेक वेळ वायरने ऐकणार की ब्लूटूथने, हे आधी ठरवावे, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच अवलंबून आहे. ब्लूटूथवर प्लेअर फक्त डिजिटल डेटा पाठवतो आणि त्याचा आवाज करणारा डॅक (डिजिटल डेटाचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा भाग) व ॲम्प्लिफायर हे दोन्ही हेडफोनमधले वापरले जातात. म्हणजे ज्या डॅक चिपमुळे प्लेअरची किंमत वाढलेली असते, तिचा त्या वेळी काहीच उपयोग होत नाही. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये एलडॅक असेल, तर केवळ त्या हेडफोनसाठी महागडा प्लेअर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतींपैकी एसबीसी साधारण ३२८, ॲप्टएक्स एचडी ५७६ आणि एलडॅक जास्तीत जास्त ९९० किलोबिट वाहून नेतो. पण गर्दीच्या फलाटावर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची दाटी झाली की एलडॅक ६६० किंवा ३३० वर उतरतो. हा फरक टाळ्या आणि झांजा वाजतात तिथे आधी कानात भरतो, त्यामुळे तुलनेसाठी कानबाईच्या गाण्यांतला टाळ्यांचा भागच लावून पाहावा.

वायरने ऐकणार असाल, तर प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (जॅकमधून बाहेर पडणाऱ्या विजेला होणारा अंतर्गत विरोध) इअरफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, म्हणजे आपल्या बाबतीत २ ओहमच्या आत. बॅलन्स्ड जॅकमुळे मुख्यतः ताकद जास्त मिळते आणि ती चालवायला जास्त ताकद लागणाऱ्या हेडफोनला उपयोगी पडते. साध्या इअरफोनला नेहमीचा ३.५ मिमी जॅक पुरेसा आहे. दुकानात दोन प्लेअर ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवण्याची काळजी घ्यावी, कारण जो किंचित मोठा लागतो तोच कानाला सरस वाटतो.

धुळेकर :
कॅसेटच्या ध्वनिमुद्रणाला १६ बिट पुरेसे आहेत, कारण टेपची खरखर त्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर असते. सीडी दर्जाच्या तासाभराच्या वेव्ह (न दाबलेल्या) फाइलला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते आणि फ्लॅकमध्ये ती साधारण निम्म्यावर येते. ए३०६ ची अंतर्गत मेमरी ३२ जीबीच आहे व त्यातलीही काही यंत्रणेलाच लागते, म्हणून मोठे मायक्रोएसडी कार्ड सोबतच घ्यावे. आपल्याकडच्या मे महिन्यात प्लेअर बंद गाडीत ठेवून जाऊ नये, उन्हाने बॅटरी लवकर खराब होते.

चाळीसगावकर :
दोघांचेही मनापासून आभार. घरी वायरनेच ऐकतो, तेव्हा ३.५ मिमी चालेल. एक विचारायचे राहिले : गाडीच्या स्टीरिओला ऑक्सने (३.५ मिमी वायरने) जोडले आणि त्याच वेळी प्लेअर चार्जिंगला लावला की घरघर ऐकू येते, असे एका मित्राने सांगितले. हे प्लेअरमुळे होते का?

भुसावळकर :
बहुधा नाही. चार्जर आणि ऑक्सची वायर या दोन्ही वाटांनी गाडीच्या अर्थिंगशी जोडणी होऊन वेटोळे तयार होते आणि इंजिनाचा विद्युत गोंगाट त्यातून आवाजात शिरतो. चार्जरची वायर काढताच घरघर थांबली, तर कारण तेच समजावे. अशा वेळी प्लेअर आधीच चार्ज करून बॅटरीवर वाजवावा, किंवा ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (हे वेटोळे तोडणारे छोटे उपकरण) बसवावा.