'मुख्य संपादक' म्हणजे नेमके कोण?

'मुख्य संपादक', 'प्रधान संपादक' आणि 'प्रमुख संपादक' यांत फरक काय? माझ्या मते अर्थाचा फरक नाही. 'प्रधान संपादक' हे वळण हिंदीचे, मराठीत 'मुख्य' रुळला आहे. गल्लत होते ती 'कार्यकारी संपादका'शी. रोजचा अंक वेळेत काढून घेणारा तो कार्यकारी. काय छापायचे आणि काय नाही यावर शेवटचा शब्द ज्याचा, तो मुख्य.

मूळ धातू 'सम् + पद्', त्याचे प्रयोजक रूप म्हणजे तडीस नेणे, मिळवणे. म्हणून आपण विश्वास 'संपादन' करतो, सोंगही 'संपादतो'. संपादक म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढणारा, हा समज मला फार खटकतो. शुद्धलेखन तपासायला मुद्रितशोधक असतो, मजकूर नीट करायला उपसंपादक. 'एडिटर'च्या मुळाशीही लॅटिनमधली 'बाहेर देणे' हीच क्रिया आहे. (फ्रेंचमध्ये तर 'एदितर' म्हणजे प्रकाशक, संपादकाला तिथे 'रेदाक्तर' म्हणतात.)

मराठीने या पदाला एकेकाळी फार सुंदर शब्द दिले होते: 'काळ' पत्राचे 'काळकर्ते' परांजपे, 'भाला' पत्राचे 'भालाकार' भोपटकर. पत्र ज्याचे, त्याच्या बऱ्याचाही धनी तोच आणि वाईटाचाही तोच. 1882मध्ये कोल्हापूर प्रकरणात (तिथल्या दिवाणांवर आरोप करणारी पत्रे छापल्याबद्दलचा बदनामीचा खटला) 'केसरी'चे संपादक आगरकर आणि 'मराठा'चे संपादक टिळक डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले. बदनामीकारक ठरलेली ती पत्रे त्यांनी लिहिली नव्हती, पण छापायचे त्यांनी ठरवले होते.

भारतात 2024पर्यंत लागू असलेल्या, वृत्तपत्र नोंदणीच्या 1867च्या कायद्यानेही नेमकी हीच खूण धरली होती: वृत्तपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण, तो संपादक. 'मुख्य' हे विशेषण त्या व्याख्येत नव्हते. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्याच कायद्याबद्दल सांगितले की अंकावर 'संपादक' म्हणून ज्याचे नाव छापले, त्यानेच मजकूर निवडला असे धरून चालण्याचे कायदेशीर गृहीतक मुख्य संपादकाला आपोआप लागत नाही. निवडीतला त्याचा सहभाग तक्रारीत स्पष्ट मांडावा लागतो. म्हणजे पदनाम मोठे आणि जबाबदारी खालच्या नावावर, असेही घडू शकत होते. मला हे बरोबर वाटत नाही.

'समूह संपादक' वेगळा, त्याच्याकडे अनेक प्रकाशने असतात. भाषांतरात 'एडिटर-इन-चीफ'ला बिनधास्त 'मुख्य संपादक' लिहावे. मात्र नुसते 'एडिटर' असेल तिथे पदरचा 'मुख्य' जोडू नये.