जादा वेळ ही ‘सवलत’ की ‘सोय’?

धुळाक्षर
शिक्षकांसाठी एक पानभर सूचनापत्रक लिहिते आहे. वर्गात अंध, कर्णबधिर, हाताने लिहिता न येणारी किंवा अध्ययन अक्षमता असलेली मुले असतील तर शिकवताना आणि परीक्षेत काय करायचे, एवढाच विषय. जुन्या पत्रकाचे शीर्षक होते ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सवलती’. त्याखाली सगळे एकाच दावणीला: पुढच्या बाकावर जागा, मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका, लेखनिक, जादा वेळ, आणि एखाद्या विषयाऐवजी दुसरा घेण्याची मुभा. मला यातली शेवटची तेवढी सवलत वाटते. बाकीच्यांना काय म्हणावे? ‘सोय’ फार घरगुती वाटतो, ‘सुविधा’ म्हटले की इमारतीतले पाणी आणि पंखे डोळ्यांपुढे येतात.

रफार
‘सवलत’ मूळ अरबी ‘सुहूलत’वरून आला. अर्थ सहजपणा, सुकरता. हिंदीतला ‘सहूलियत’ त्याच घरातला आणि तो आजही सोय याच अर्थाने वापरतात. म्हणजे मुळाकडे पाहिले तर तुमच्या पूर्ण यादीला हा शब्द चालला असता.
पण मराठीत त्याची संगत बदलली. भाड्यात सवलत, शुल्कात सवलत, व्याजात सवलत. कुठून तरी काही वजा होत असेल तिथे सवलत. त्यामुळे ‘परीक्षेत सवलत’ ऐकणाऱ्याला वाटते की या मुलाकडून अपेक्षाच थोडी कमी केली. व्युत्पत्ती सांगून हा समज हलणार नाही, शब्दच बदलायला हवा.

उभी रेघ
मला हा कीस फुकाचा वाटतो. मुलाला वेळ मिळाला की झाले. शिवाय ‘सवलत’ कागदोपत्री पक्का बसला आहे, पालक अर्ज करताना तोच शोधतात. उद्या शीर्षकात ‘समुचित तजवीज’ घातलीत तर पत्रक कशाबद्दल आहे हे निम्म्या लोकांना कळणारही नाही.

ठिपके
मी ब्रेल वाचणारा आणि लेखनिक घेऊन परीक्षा दिलेला. फुकाचा कीस नाही हा.
मराठीचा पेपर लेखनिकाला सांगायचा म्हणजे काय, ते आधी ऐका. प्रश्न तो वाचणार, मी ऐकणार. उतारा लांब असेल तर पुन्हा वाचायला लावणार, कारण डोळस मुलगा नजर मागे फिरवतो तसे मला करता येत नाही. मग उत्तर सांगायचे. त्यात शुद्धलेखनाचे गुण माझे, हात दुसऱ्याचा. म्हणून ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’, ‘इथे स्वल्पविराम’, ‘नवा परिच्छेद’ हे सगळे तोंडाने. शेवटी लिहिलेले वाचून घ्यायचे. एवढ्यात शेजारच्या मुलाचे दोन प्रश्न झालेले असतात. माझा प्रश्न सोपा झाला नाही, गुण वाढले नाहीत, फक्त वाटेत जाणारा वेळ परत मिळाला. याला सवलत म्हटले की निकालाच्या दिवशी ‘सवलतीत पास’ असे ऐकावे लागते आणि त्यावर तोंडी उत्तर देता येत नाही, कारण कागदावर तेच छापलेले असते.
केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१३ साली परीक्षांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात हा शब्दाचाच मुद्दा आहे: ‘जादा वेळ’, ‘अतिरिक्त वेळ’ म्हणणे सोडा, भरपाईचा वेळ म्हणा, आणि लेखनिक घेणाऱ्यांसाठी तो तासाला २० मिनिटांपेक्षा कमी नको. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. एरवी सरकारी कागद शब्दाबाबत एवढा हळवा नसतो!

धुळाक्षर
हे माहीत नव्हते. ‘भरपाईचा वेळ’ घेतेच. ‘नुकसानभरपाई’ची सावली पडते थोडी, पण इथे ती चालेल, वेळेचे नुकसान होतेच आहे. तुमच्या प्रतिसादावरून एक विचारते: ब्रेलमध्ये वेलांटी-उकार वेगळे असतात का?

ठिपके
स्वतंत्र असतात. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके, त्यामुळे वर मात्रा आणि खाली उकार चढवायला जागाच नाही. प्रत्येक स्वरचिन्ह व्यंजनानंतर आपले घर घेते, ऱ्हस्व वेलांटीसुद्धा. जोडाक्षरे फोडून लिहायची. म्हणून छापील एका पानाची ब्रेलमध्ये कितीतरी जास्त पाने होतात आणि बोटाला ती सगळी चालावी लागतात. शिक्षकांना एवढे ठाऊक असले तरी ‘अजून वाचून झाले नाही?’ हा प्रश्न कमी होईल.

रफार
मूळ प्रश्नाकडे. माझे मत ‘सोय’ला. घरगुती आहे हाच त्याचा गुण. त्याचा विरुद्ध शब्द ‘गैरसोय’ सगळ्यांच्या तोंडी आहे. फळ्यावरचे दिसत नाही ही मुलाची गैरसोय, ते मोठ्याने वाचून दाखवणे ही सोय. सवलतीला असा विरुद्ध शब्द नाही. सवलत नसली तर फक्त पूर्ण पैसे भरायचे असतात.
आणखी एक. सवलत ‘दिली’ जाते, देणारा वर आणि घेणारा खाली. सोय ‘केली’ जाते, आणि नाही केली तर ‘का केली नाही’ असे विचारता येते.

उभी रेघ
ते ‘दिली’ आणि ‘केली’ पटले. पण मग ‘सुलभ वर्ग’, ‘सुगम्य वर्ग’ यांचे काय? तेही हेच सांगतात ना?

रफार
नाही, तिथे थर वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातही हे दोन वेगवेगळे मांडले आहेत. सुगम्यता म्हणजे कोणते मूल येणार हे माहीत नसतानाच करून ठेवलेली तयारी: दारापाशी उंबरठा नसणे, फळ्यावर लिहिता लिहिता तोंडाने म्हणणे, चित्राचे वर्णन सांगणे, बोलताना वर्गाकडे तोंड ठेवणे म्हणजे ओठ वाचता येतात. सोय म्हणजे अमुक मूल आल्यावर त्याच्या गरजेप्रमाणे केलेली जास्तीची व्यवस्था: त्याला लेखनिक, तिला मोठा टाइप. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ च्या निकालात हा फरक स्पष्ट केला आहे: पहिली आधीपासून असायलाच हवी, दुसरी माणसागणिक ठरते. तुमच्या यादीतही हे दोन गट वेगळे काढा. आज शिक्षकाला वाटते की अंध मूल नाही म्हणजे काही करायला नको.

धुळाक्षर
‘सुलभ’ मी टाळणार आहे. ‘वर्ग सुलभ करा’ म्हटले की शिक्षक धडा सोपा करतात, नाहीतर गाळतात. हे प्रत्यक्ष होते. ‘सुगम’चेही तेच. ‘सुगम्य’ मात्र जड वाटतो.

रफार
जड आहे खरा, पण अनोळखी नाही. ‘अगम्य’ आपण रोज वापरतो, आणि दोन्ही अर्थांनी: जिथे पोचता येत नाही ते आणि जे कळत नाही ते. पायऱ्यांवरचा वर्ग चाकाच्या खुर्चीला अगम्य, नुसते ‘हे इथून तिथे असे जाते’ म्हणत फळ्यावर काढलेली आकृती अंध मुलाला अगम्य. दोन्हींचा उलटा शब्द ‘सुगम्य’. रॅम्पलाही लागू, पुस्तकालाही.

ठिपके
‘हे इथून तिथे’ वाचून हसलो. भूमितीचा आख्खा तास मी ‘हे’ आणि ‘ते’ ऐकण्यात घालवला आहे. पत्रकात एक ओळ घाला: दर्शक सर्वनाम वापरले की लगेच नाव घ्या. ‘हा कोन’ नव्हे, ‘कोन कखग’. एक पैसा लागत नाही, आणि मागच्या बाकावर लक्ष नसलेल्या डोळस मुलालाही उपयोगी.

धुळाक्षर
घातली. आता तीन भाग केले आहेत: ‘वर्ग सुगम्य ठेवण्यासाठी’, ‘मुलानुसार करायच्या सोयी’ आणि शेवटी एकट्या विषयबदलासाठी ‘सवलत’. उभी रेघ यांच्या शंकेसाठी सुरुवातीला एक वाक्य: ‘पूर्वी या सर्वांना सवलती म्हणत.’ म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.
‘मूकबधिर’ जुन्या पत्रकात तीनदा होता, तो काढून ‘कर्णबधिर’ केला. ऐकू येत नाही म्हणजे बोलता येत नाही असे नव्हे, आणि खुणांची भाषा बोलणाऱ्याला मूक कसे म्हणणार?
एक उरले. लेखनिक मुलगी असेल तर ‘लेखनिका’ लिहू का?

उभी रेघ
नको. ‘लेखिका’ वाचले जाईल. ‘ती लेखनिक’ पुरे.