रतनगड ते हरिश्चंद्रगड, दोघंच आणि सॅक पाठीवर. जमेल का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मी आणि नवरा रतनगड, कात्राबाई खिंड, हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक करायचं म्हणतोय. ग्रुप नाही, दोघंच. एक दिवसाचे ट्रेक बरेच झालेत, कळसूबाई दोनदा केलंय, पण सामान घेऊन सलग तीन दिवस कधी चाललो नाही. प्लॅन असा की शुक्रवारी पहाटे रतनवाडी, गड करून त्याच दिवशी कुमशेत, शनिवारी पाचनईतून हरिश्चंद्रगड, रविवारी खिरेश्वरला उतरून खुबी फाट्यावरून एसटी. टेंट न्यावा का? वजन कसं वाटायचं? आणि खरं सांगायचं तर मुख्य प्रश्न हा की तो भराभर चालतो, मी हळू. मागच्या वेळी उतरताना तो इतका पुढे गेला की मला वाट कुठली तेच कळेना, एकटीच बसून रडले मी, आणि घरी आल्यावर दोन दिवस अबोला. तुम्ही जोडीने जाता तेव्हा हे कसं सांभाळता?

घाटवाटा:
पहिला दिवस फार लांब ठेवलाय. रतनवाडीतून वर जाताना जंगलात फाटा फुटतो, एक वाट शिड्यांकडे रतनगडावर आणि दुसरी कात्राबाई खिंडीकडे, म्हणजे गड बघून पुन्हा फाट्यावर यायचं, मग खिंड चढायची आणि पलीकडे कुमशेतला उतरायचं, तेही फुल सॅक घेऊन. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. एक दिवस वाढवाच. पहिल्या दिवशी सॅक गावात ठेवून गड करा, गणेश दरवाज्याने चढून नेढं (माथ्यावरच्या कातळातलं आरपार भोक) बघून त्र्यंबक दरवाज्याने उतरता येतं, अमृतेश्वराचं मंदिरही निवांत बघून होतं.
टेंट नको. रतनवाडी, कुमशेत, पाचनई, तिन्हीकडे घरात सोय होते, हरिश्चंद्रगडावरही देवळाजवळ जेवण मिळतं. आधी फोन करून ठेवा. कुमशेतपर्यंत रतनवाडीतलाच वाटाड्या घ्या, ढोरवाटा खूप आहेत तिथे.

सह्यवेडी:
ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायलाच बसले. आम्ही दोघांनी हीच रेंज केली, वाटाड्या न घेता, आणि ती चूक होती. फाट्यापुढे एका ठिकाणी मी म्हणत होते डावीकडे, हा म्हणाला उजवीकडे, वाद नको म्हणून मी गप्प बसले आणि हा तरातरा निघून गेला. कारवीची झुडपं डोक्याच्या वर, हाक मारली तरी कळत नाही आवाज कुठून येतोय. पंधरा-वीस मिनिटांनीच सापडला परत, पण तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते आजही नीट सांगता येत नाही. त्यालाही रडू आलं होतं, हे त्याने खूप नंतर सांगितलं.
तेव्हापासून आमच्याकडे हळू चालणारा पुढे, कायम. मागचा कितीही कंटाळला तरी ओव्हरटेक नाही. फाट्यावर दोघांचं एकमत होईपर्यंत पाऊल टाकायचं नाही, आणि कुणीही एकाने "परत फिरू" म्हटलं की फिरायचं, का ते खाली गावात पोचल्यावर विचारायचं.
वजन निम्मंनिम्मं करू नका. माझं वजन ५२, त्याचं ७५, मग सारखी सॅक कशी चालेल? मी ८ किलो घेतले, त्याने १२. पण तिसऱ्या दिवशी त्याचा गुडघा सुजला तेव्हा त्याची स्लीपिंग बॅग मी घेतली, आणि ती द्यायला त्याला जड गेलं. त्याबद्दल घरूनच बोलून निघा.

घाटवाटा:
सह्यवेडी, एकमत होईपर्यंत थांबायचं हे ग्रुपलाही लागू आहे.
पाण्याचं राहिलं. खिंडीच्या टप्प्यात माणशी ३ लिटर धरा, म्हणजे ३ किलो तिथेच वाढले, ते सॅकच्या वजनात मोजा. आणि हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला तोलार खिंडीच्या बाजूने उतरणार असाल तर कातळाचा टप्पा आहे, रेलिंग आहेत पण सॅक पाठीवर असली की तोल मागे जातो. दमला असाल तर सरळ पाचनईलाच परत उतरा, ती वाट सोपी आहे.

रानजाई:
खूप आभार दोघांचे. नवऱ्याला बसवून सगळं वाचून दाखवलं. कारवीतला प्रसंग ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की त्या दिवशी तू रडलीस हे मला माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. सोमवारची रजा टाकतोय, वाटाड्या घेतोय, टेंट रद्द. या शनिवारी भरलेल्या सॅक घेऊन सिंहगड करून बघणार, मी पुढे.

सह्यवेडी:
नक्की करा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी पोचाल असं बघा, आणि कड्याजवळ झोपून बघायचं, उभं राहून नाही. वारा खालून येतो तिथे.