शंभर पानांचा गैरसमज: ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांतील ठरीव साच्यांविषयी

सायंतारा (धागा):
रीजन्सी काळातील, म्हणजे १८११ ते १८२० या वर्षांतील, इंग्लंडमध्ये घडणाऱ्या प्रेमकादंबऱ्या मी अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे आणि त्यांतले ठरीव साचे मला एरवी खटकत नाहीत. सोयीचे लग्न हा साचा तर मला विशेष प्रिय आहे. दोन अनोळखी माणसांना एका छपराखाली आणण्यासाठी आजच्या कथेत योगायोग रचावे लागतात. तेथे ते काम रीतिरिवाज आणि कायदा मिळून करतात. १७५३ च्या विवाह कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील मुलीला परवान्याने लग्न करायचे तर वडिलांची संमती लागे, म्हणूनच पळून जाणारी जोडपी हा कायदा लागू नसलेल्या स्कॉटलंडच्या सीमेवरचे ग्रेटना ग्रीन गाठत. अशा चौकटीत आधी लग्न, नंतर ओळख आणि सर्वांत शेवटी प्रेम हा क्रम पटतो; नवऱ्याने पहिल्यांदा तिचे मत विचारणे हीसुद्धा मोठी घटना ठरते.

मात्र मधली शंभर पाने केवळ गैरसमजावर रेटलेली असली की माझा धीर सुटतो. नायक दुसऱ्या स्त्रीसोबत दिसतो, ती त्याची बहीण निघते, आणि एका प्रश्नाने जे मिटले असते त्यापायी दोघे महिनोन्‌महिने अबोला धरतात. हा मला वाचकाचा विश्वासघात वाटतो.

पानगळ:
शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. ‘एक प्रश्न विचारायला काय हरकत होती?’ असे म्हणताना आपण आजची मोकळीक गृहीत धरतो. लग्न ठरलेले नसताना तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्र लिहिणे अनुचित मानले जाई, सोबतीला वडीलधारी बाई असे, आणि नृत्याच्या वेळचे संभाषणही भोवतालच्यांच्या कानांवर पडे.

मला संताप येतो तो ‘बहकलेला उमराव प्रेमाने सुधारतो’ या साच्याचा. लग्नानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होई, तिची रोकड त्याची होई, आणि १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. असा कायदा मिळवू शकलेल्या स्त्रिया सगळ्या मिळून चार. हे वास्तव भोवती असताना नायिका एका चुंबनावर विसंबून जुगारी माणसाला होकार देते, तेव्हा लेखिकेने तिची बुद्धीच काढून घेतली असे वाटते.

अर्धविराम:
पानगळ, धोका एवढा मोठा आहे म्हणून तर तो साचा वाचकाला धरून ठेवतो. शेवट सुखाचा होणार हे ठाऊक असल्यामुळे आपले सारे लक्ष त्या माणसावर विश्वास कसा बसतो याकडे लागते. शिवाय तो विश्वास दाखवण्याचे साधन त्या काळातच आहे: सधन घराणी लग्नापूर्वी करार करून मुलीची मालमत्ता विश्वस्तांच्या हाती ठेवत. स्वतःला तिच्या पैशाला हात लावता येऊ नये अशी तरतूद नायकाने वकिलाकडे आपणहून मागितली, तर तो सुधारला हे मी लगेच मानेन.

पानगळ:
तसा प्रसंग मिळाला तर माझी तक्रार उरणार नाही. पण बहुतेक ठिकाणी तो सुधारल्याचा पुरावा म्हणून केवळ मत्सराने पेटलेला दाखवतात, आणि मत्सर म्हणजे सुधारणा नव्हे.

सायंतारा:
करारपत्राची कल्पना मला फार आवडली. पत्रव्यवहाराच्या बंधनाबाबत पानगळ यांचे म्हणणेही मान्य करते. लग्नाआधीचा गैरसमज त्यामुळे पुष्कळसा समर्थनीय ठरतो. पण मी ज्यामुळे वैतागते त्या कादंबऱ्यांत लग्न होऊन गेलेले असते. दोघे रोज एकाच मेजावर जेवतात, दोघांच्या खोल्यांमध्ये एकच दार असते, आणि त्या दारावर थाप मारायला समाजाचा कोणताही नियम आड येत नाही. तेथे अबोला टिकवायचा असेल, तर लेखिकेने त्याचे कारण त्या दोघांच्या स्वभावात किंवा पूर्वीच्या जखमेत दाखवायला हवे.