सॅम डार्सीला पुढेच ठेवावं की रकमध्ये? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मेलबर्नला आल्यावर मुलामुळे फुटीचं (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं) वेड लागलं आणि वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबचा चाहता झालो. प्रश्न त्यांच्या सॅम डार्सीबद्दल आहे. 2021 च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात) दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला, उंची 208 सेंटिमीटर. वडील ल्यूक डार्सी याच क्लबकडून 226 सामने खेळले, म्हणून तो फादर-सन नियमाने आला (जुन्या खेळाडूच्या मुलाला घेण्यात त्याच क्लबला प्राधान्य; त्यासाठी वडिलांचे त्या क्लबकडून 100 सामने लागतात).

मार्व्हल स्टेडियममध्ये आम्ही गोलपोस्टच्या मागे बसतो. दोन बचावपटू अंगाला चिकटलेले असतानाही तो हात पूर्ण ताणून चेंडू डोक्याच्या वर पकडतो, तेव्हा पोरगा खुर्चीवर उभाच राहतो! मला तरी तो गोलजवळच हवा.

पण आमचा मुख्य रक टिम इंग्लिशला विश्रांती द्यायची तर रकला (पंचांनी चेंडू वर उडवला की उडी मारून तो आपल्या खेळाडूंकडे ढकलायची जागा) कुणीतरी लागणारच. त्या धक्काबुक्कीत सॅमची ताकद खर्ची पडते का? की त्यातूनच तो घडेल? आणि एवढ्या उंच, तरुण खेळाडूची प्रगती गोल सोडून कशावरून जोखायची? मार्कवरून (किक मारलेला चेंडू हवेतच झेलणं), की चेंडू जमिनीवर पडल्यावर तो काय करतो त्यावरून? बरीच वर्षं फुटी बघणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.