आईला कॅन्सर असलेली कादंबरी: आई नुसती पेशंटच होऊन बसलीय

अर्धविराम
दोन वर्षं झाली एक कादंबरी लिहितेय. आईला ब्रेस्ट कॅन्सर, हाडांत पसरलेला, म्हणजे पूर्ण बरा होणार नाही पण औषधांवर वर्षं निघू शकतात असा, आणि गोष्ट सांगतेय मुलगी. साठ पानं एकदम वाचून काढली तर आई कुठे दिसेचना, पडून असलेली, सोसणारी, सगळ्यांना माफ करत सुटलेली कुणीतरी बाई दिसली. माझी आई अशी नव्हती हो, ती आजारपणातही भांडायची. आई आईच राहते असं काही वाचलंय का कुणी? आणि तिला शेवटी मारायलाच हवं का?

निशाचर
कादंबरी नाही पण फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारचं स्वतःच्या आईवरचं 'अ व्हेरी ईझी डेथ' (१९६४) वाचाच. आई पडते, मांडीचं हाड मोडतं, मग आतड्यात कॅन्सर निघतो आणि मुली तिला पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाला सूज) झालाय असंच सांगतात. आई बरं व्हायची वाट बघतेय आणि लेकी ते खोटं सांभाळतायत, मला तर तिथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं. त्यातली आई हट्टी आहे, जगायला हपापलेली आहे, संत अजिबात नाही.

लांबपल्ला
माझ्या आईचं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे केमोचं औषध, दर २१ दिवसांनी असायचं. आधी स्टिरॉइड देतात त्यामुळे त्या रात्री तिला झोप नाही, दोन वाजता कपाट उपसून बसायची आणि मला उठवून विचारायची हे कुणाचं, ते का ठेवलंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र अंग असं दुखायचं की बोलायची नाही. मग हळूहळू माणसात यायची आणि तिसरा आठवडा म्हणजे आमची जुनी आई, तोवर पुढची तारीख आलीच. तुमच्या कादंबरीला हेच घड्याळ लावून बघा, मरणाकडे ढकलत न्यायची गरजच पडणार नाही. अजून एक, तिची बोटं बधिर झाली होती, एकदा सुईत दोरा ओवायला बसली तर वीस मिनिटं जमेना, मी हात पुढे केला तर "सोड" म्हणून ओरडली. शेवटी ओवला. बोटाला सुई टोचून रक्त आलेलं तिला कळलंही नव्हतं, मी सांगितलं नाही.

पानगळ
झुंज, लढाई, योद्धा हे शब्द आधी काढून टाका. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅगने १९७८ मध्येच लिहिलंय की युद्धाची ही भाषा पेशंटवरच उलटते. औषध लागू पडलं नाही की जणू तोच हरला. आणि मुलगी सांगतेय तर तिला आईचं सगळं माहीत असायला नको, एखादी गोष्ट आईने तिच्यापासूनही लपवू दे.

अर्धविराम
@लांबपल्ला, ते "सोड" वाचून रडले. माझी आई स्कॅनच्या आदल्या दिवशी माझ्याशी मुद्दाम भांडण काढायची, हे आत्ता लक्षात येतंय. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू करते.