वृद्धाश्रमात रात्री सगळ्यांच्या पलंगाचे कठडे वर: सुरक्षा की सोय? (चर्चामंचावरचा संवाद; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

रात्रपाळी
डिमेन्शिया झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घेणाऱ्या पुष्कळ वृद्धाश्रमांत एक अलिखित नियम असतो: रात्री आठ वाजले की सगळ्यांचे दोन्ही कठडे वर. हा सरसकट नियम मोडीत काढावा, असं माझं मत आहे.

ज्याला स्वतःहून कूसही बदलता येत नाही त्याला कठडा असला काय, नसला काय. पण जो हलतो आणि कठडा खाली कसा करायचा हे ज्याला उमगत नाही, तो वरून चढून जातो. फाउलर पलंगाची (डोक्याकडून-पायाकडून वर उचलता येणारा रुग्णालयातला पलंग) जाळी साधारण २० इंचांवर असते, त्यावर कठडा १४-१५ इंच. नुसता घसरला असता तर दोन फुटांवरून कुल्ल्यावर पडला असता, आता तीन फुटांवरून डोकं खाली करून पडतो.

दुसरा धोका फटीचा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००६ मध्ये मापं सुचवली: कठड्याच्या दांड्यांमधली, कठड्याखालची आणि गादी-कठड्यामधली फट १२० मिलिमीटरच्या आत हवी, त्यापुढे डोकं अडकू शकतं. आपल्याकडे गल्लीतल्या फॅब्रिकेटरने केलेल्या पलंगाला कोण पट्टी लावून बघतो? ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या आणि फटीत घाला. पाइप आत जाऊन वर बोटभर जागा उरली, तर तो कठडा कामाचा नाही. गादीची कड हाताने दाबून मग बघा, कारण माणूस कडेला सरकला की फट वाढते. हवेची गादी टाकली असेल तर आणखीच, शिवाय तिच्या जाडीएवढी कठड्याची उंची कमी होते ती वेगळी.

ताळेबंद
पाइप घालून बघू, हरकत नाही. पण रात्रीचा हिशेब कागदावर मांडा. आमच्याकडे ३२ पलंग, दोन मावशी, एक ब्रदर (पुरुष नर्स). त्यांतले सहा जण कूस बदलून द्यायचे, दर दोन तासांनी, दोघांनी मिळून. एकाला सहा-सात मिनिटं लागतात, म्हणजे फेरीला चाळीस मिनिटं. अकरा, तीन आणि साडेपाचला डायपर. एखाद्याने अंथरूण पूर्ण खराब केलं तर अर्धा तास त्यातच गेला. या वेळात उरलेल्या २६ जणांकडे बघणारा फक्त ब्रदर, आणि तो ट्यूब फीड (नाकातून पोटात गेलेल्या नळीने पातळ अन्न) देत असतो.

अशात आजी उठून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तर ऑपरेशनची संमती कोणाची? मुलगा परदेशात, मुलगी प्रवासात. रुग्णालयात एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होते, पोलिसांचा जबाब होतो, आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: कठडा का नव्हता? कठड्यात हात खरचटला तर कोणी काही विचारत नाही. तत्त्वं ठीक आहेत, उत्तरं व्यवस्थापकाला द्यावी लागतात.

गुडघेदुखी
दोघंही कठड्याभोवतीच फिरताय. माणूस उठतो का, ते आधी बघा.

जेवण सातला, दिवे आठला बंद. पंच्याहत्तरीच्या माणसाची झोप सहा-सात तासांत पुरी होते. म्हणजे अडीच-तीनला तो व्यवस्थित झोपून उठलेला असतो, आणि वहीत नोंद होते “रात्री त्रास देतात”. साडेआठ-नऊपर्यंत हॉलमध्ये बसू द्या, झोपण्यापूर्वी काही खायला द्या, दुपारची झोप पाऊण तासावर थांबवा. बरीच उठबस इथेच कमी होते.

मग लघवी. जो नेहमी तीनला उठतो त्याला पावणेतीनला उठवून न्या. डायपर बांधला म्हणून लघवीची भावना जात नाही. उलट डायपर ओढत उठणारा माणूस जास्त घसरतो.

पलंगाची उंची: काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, गुडघा काटकोनात. बुटक्या बाईला साधारण १६ इंच, उंच पुरुषाला १८-१९, गादी दबल्यावर मोजायचं. कमोड खुर्ची पलंगाला लागून, बळकट बाजूला, चाकं लॉक. वाटेत पायाशी पिवळा मंद दिवा, डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट नको. संडासाचा उंबरा फोडा. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे, ती साठ किलोचा झटका लागला की स्क्रूसकट हातात येते. आणि रबरी सपाता काढून टाका, मागून पट्टा असलेली चप्पल द्या.

औषधपेटी
गुडघेदुखींच्या यादीत गोळ्या राहिल्या. लघवी होण्याची गोळी (फ्युरोसेमाइड वगैरे) संध्याकाळी सहाच्या डब्यात पडलेली असते, कारण चिठ्ठीवर “दिवसातून दोनदा” लिहिलंय आणि डबे भरणाऱ्याने सकाळ-संध्याकाळ असं वाटून टाकलंय. दुसरा डोस दुपारी दोनच्या आत जाऊ शकतो का, डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिनने उभं राहताना रक्तदाब घसरू शकतो. बीपी बसवून एकदाच मोजलं तर हे कळत नाही: पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

कठडे काढून क्वेटियापिन (गुंगी आणणारं मनोविकाराचं औषध) वाढवलं, तर बांधणं थांबलं नाही, फक्त दिसेनासं झालं. डिमेन्शियाच्या वृद्धांत या जातीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा एफडीएचा ठळक चौकटीतला इशारा २००५ पासून आहे. झोपेची गोळी हेही असंच न दिसणारं बांधणं. गोळी घेतलेला माणूस लघवीला उठायचा थांबत नाही, झोकांड्या खात उठतो.

लेक_परदेशी
एक बाजू सुटतेय. डोकं शाबूत असलेले काही जण कठडा स्वतः मागतात, धरून कूस बदलायला. तो काढून घेणं ही पण जबरदस्तीच.

रात्रपाळी
मान्य. त्याला डोक्याकडचा अर्धा कठडा द्या, पायाकडची बाजू मोकळी. मी सरसकट नियम मोडीत काढा म्हटलं होतं, सगळे कठडे नव्हे.

@ताळेबंद, माणसं कमी आहेत हे कारण बांधून ठेवण्याला, मग ते कठड्याने का असेना, चालत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९७ वाचा. बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा समोर आलेली इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल आणि जबाबदार मनोविकारतज्ज्ञाने मंजुरी दिली असेल. शिक्षा म्हणून नाही, आणि केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून तर नाहीच. हे तिथे स्पष्ट लिहिलंय.

ताळेबंद
तो कायदा मानसिक आरोग्य संस्थांना आहे, साध्या वृद्धाश्रमाला नाही. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यात कलम १९ ला जिल्ह्यामागे किमान एक, दीडशे निराधारांना सामावणारा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. माझ्यासारख्या खासगी जागेत रात्री किती पलंगांमागे किती माणसं, हे त्यात कुठे आहे? मला कोणी आकडा द्या, मी फीमध्ये तो आकडा धरतो. आज मी माणूस वाढवला आणि महिन्याला तीन हजार वाढवले, तर लोक शेजारच्या आश्रमात जातात. तिथे कठडेही आहेत आणि ओढणीने बांधलेले हातही आहेत, फक्त भेटीच्या वेळी सोडतात.

आणि रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणारी फीडची नळी) काय? फीड चालू असताना ट्यूब अर्धवट उपसली तर फीड फुप्फुसात जातं. हात मोकळा ठेवा म्हणणं सोपं आहे.

रात्रपाळी
ट्यूबवाल्यांचा प्रश्न खरा आहे. पण हात बांधण्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत. ट्यूब नाकाला चिकटवून तशीच समोर लोंबकळत ठेवली की हाताला लागते आणि ओढली जाते. नाकावर एक पट्टी, गालावर दुसरी, मग कानामागून मानेकडे न्या. नाकपुडी रोज साफ करून पट्टी बदला, चिकटपट्टीखाली खाज सुटते म्हणूनही ओढतात. हातात घडी केलेला टॉवेल द्या, सगळी बोटं झाकणारा, पिशवीसारखा जाड हातमोजा घाला. मोजा हीसुद्धा अटकावच, दोन तासांनी काढून बोटं बघायची. फीडच्या वेळी डोकं ३० ते ४५ अंश वर, नंतर अर्धा-पाऊण तास तसंच, आणि कूस बदलण्याची फेरी या वेळात लावायची नाही. तुमच्या वेळापत्रकात तीनला डायपर आणि फीड एकत्र येत असेल, तर तीच चूक आहे. शिवाय दर पंधरवड्याला डॉक्टरांना विचारा, ट्यूब अजून लागते का. रुग्णालयातून आली म्हणून कायमची राहिलेली ट्यूब पुष्कळांना असते.

एवढं करूनही बांधावंच लागलं, तर डॉक्टरांची लेखी सूचना, सुरू केल्याची आणि सोडायची वेळ. रुंद मऊ पट्टा, दोन बोटं आत जातील इतका सैल, गाठ एका झटक्यात सुटणारी. ती पलंगाच्या चौकटीला, कठड्याला कधीच नाही: कठडा खाली केला की मनगट खेचलं जातं. ओढणी आणि गॉझ बाद, ताण पडला की आवळतात.

ताळेबंद
फीडची वेळ हलवतो, ते पटलं. कठड्यांबाबत अर्धंच पटलं. उठायचा प्रयत्न करणारे पाच-सहा आहेत, त्यांचे पलंग खाली उतरवून खाली गादी टाकता येईल. उरलेल्यांचे कठडे राहतील. गादीखालचे सेन्सर मला सांगू नका: नुसती कूस बदलली तरी कोकलतात, चौथ्या रात्री मावशी प्लग काढून ठेवते.

गुडघेदुखी
जमिनीवरची गादी चार इंची नको, कडेला पाय अडखळतो. इंचभर जाडीची, उतरत्या कडांची, आणि दिवसा उचलून ठेवायची. आणखी एक माणूस बारा तासांचा परवडत नसेल तर पहाटे तीन ते सातपुरता घ्या. डायपर, आंघोळीची तयारी आणि उठणारी माणसं सगळं त्याच वेळात येतं.

औषधपेटी
पडल्यावरचं पण ठरवा. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर “ठीक वाटताहेत” म्हणून झोपवायचं नाही, त्याच रात्री दवाखान्यात. रक्तस्राव काही तासांनीही दिसू शकतो. पाय आखूड झाला आणि बाहेर वळला असेल तर उभं करून बघू नका, पडलंय तसं ठेवून रुग्णवाहिका. नोंदवहीत वेळ, जागा, पायात काय होतं, शेवटची लघवी कधी, शेवटची गोळी कोणती. “तोल गेला” एवढंच लिहिलेलं असलं, तर पुढच्या महिन्यात त्याच जागी दुसरा पडतो.

ताळेबंद
सीटी स्कॅनचे पैसे कोण देणार? रात्री तीनला अर्ध्या नातेवाइकांचा फोन लागत नाही.

रात्रपाळी
अनामत रकमेतून. प्रवेशाच्या दिवशीच सही घ्या: डोक्याला मार, छातीत दुखणं, श्वास लागणं, शुद्ध जाणं, या चार गोष्टींत न विचारता नेऊ आणि अनामतीतून अमुक रकमेपर्यंत खर्च करू. त्याच कागदावर कठड्याबद्दलही लिहा, लावला तर कशासाठी आणि नाही लावला तर कशासाठी. आजी-आजोबांना समजत असेल तर पहिली सही त्यांची.

ताळेबंद
नमुना टाका. आमच्या वकिलांना दाखवतो. ते तो दुप्पट लांब करतील, पण बघू.